गाडी गुरगुरते? आवाज घटवा, ॲव्हरेजही सांभाळा

डिसेंबरमधली दिल्लीची पहाट. धुके इतके दाट की समोरच्या इमारतीतला दिवासुद्धा पिवळ्या ठिपक्यासारखा दिसावा. द्वारका, रोहिणी किंवा मयूर विहारच्या एखाद्या कॉलनीत सारेजण रजईत गुरफटून झोपलेले असतात आणि सहाच्या सुमाराला खाली एक गाडी सुरू होते. आधी खोकल्यासारखी फटफट, मग ट्रॅक्टरला लाजवील अशी घरघर! वरच्या मजल्यावरचे तान्हे मूल दचकून उठते. शेजारचे आजोबा कूस बदलून काहीतरी पुटपुटतात. गाडीचा मालक ओशाळून लवकर निघून जावे म्हणून ॲक्सिलरेटर दाबतो, तर आवाज आणखीच वाढतो.

असा अनुभव आला की सल्ल्यांना तोटा नसतो. ऑफिसातला मित्र सांगतो, "अरे, होऊ दे आवाज. सायलेन्सर मोकळा झाला की इंजिनला श्वास मोकळा मिळतो, ॲव्हरेज वाढते." कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो, "साहब, अंदर जाली ठूँस देता हूँ, आवाज बंद." घरी पत्नीची काळजी वेगळीच. पेट्रोलचा खर्च आधीच महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडून टाकतो आहे, त्यात हा नवा खर्च करून गाडी जास्त पेट्रोल पिऊ लागली तर?

तिघांच्याही बोलण्यामागे एकच समजूत आहे. गाडीचा आवाज आणि गाडीचे ॲव्हरेज यांचे वैर आहे, एक सांभाळायचे तर दुसऱ्यावर पाणी सोडावे लागणार, अशी ती समजूत. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. कंपनीतून शांत बाहेर पडलेली गाडी जेव्हा गुरगुरू लागते, तेव्हा बहुतेक वेळा कुठेतरी गळती असते, आणि ती योग्य रीतीने बुजवली तर आवाज कमी होतोच, शिवाय वाया जाणारे पेट्रोलही वाचू शकते. ॲव्हरेज बिघडते ते चुकीच्या दुरुस्तीने.

आवाज येतो कुठून?

चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्यात दर सेकंदाला १०० स्फोट होतात. प्रत्येक स्फोटानंतर तापलेला वायू झडप उघडताच जोराने बाहेर पडतो. सायलेन्सर नसता तर प्रत्येक गाडी म्हणजे रस्त्यावरून धावणारी फटाक्यांची माळ ठरली असती.

हा वायू आधी इंजिनला जोडलेल्या मॅनिफोल्ड नावाच्या बहुतोंडी नळीत येतो. तेथून तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो. विषारी वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर करणारे हे यंत्र दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींसाठी १ एप्रिल १९९५ पासून सक्तीचे झाले, आणि त्यासाठीच शिसेविरहित पेट्रोलही आले. कन्व्हर्टरनंतर बऱ्याच गाड्यांत रेझोनेटर नावाचा छोटा डबा असतो, शेवटी मोठा सायलेन्सर आणि मग मागून डोकावणारी नळी.

या सायलेन्सरला अमेरिकेत मफलर म्हणतात, आणि दिल्लीतले मेकॅनिकही सर्रास तोच शब्द वापरतात. थंडीत आजोबा गळ्याभोवती गुंडाळतात तो मफलर आणि गाडीच्या पोटाखालचा मफलर, शब्द एकच. गुंडाळून आवाज दाबणे हा त्याचा मूळ अर्थ. मात्र चांगला मफलर वायूचा गळा आवळत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

वायूला वाट, आवाजाला भिंत

जुन्या वाड्याची रचना आठवून पाहा. दिंडी दरवाजातून आत आले की देवडी, मग वळण, मग चौक आणि त्यानंतर माजघर. माणसे बिनदिक्कत ये-जा करतात, पण रस्त्यावरचा गलका माजघरापर्यंत पोहोचत नाही. भिंतींवर आदळत, कोपऱ्यांत विरत तो वाटेतच संपतो.

सायलेन्सर हेच करतो. वायू म्हणजे वाहणारा प्रवाह, तर आवाज म्हणजे त्या प्रवाहातून पुढे जाणारी दाबाची लाट. डब्यातल्या लहानमोठ्या कप्प्यांत शिरताच ही लाट भिंतींवर आपटून परतते, आणि एका लाटेचा उंचवटा दुसऱ्या लाटेच्या खळग्यात पडला की दोन्ही एकमेकींना पुसून टाकतात. काही सायलेन्सरमध्ये नळीला बारीक भोके असतात आणि तिच्याभोवती काचतंतूंचा कापूस ठासलेला असतो. तो आवाज शोषून घेतो. वायू मात्र नळीतून सरळ निघून जातो.

रेझोनेटरचे तत्त्व आणखी गमतीचे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ठरावीक सुरातच ती घुमते. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने अशा पोकळ पात्रांचा सखोल अभ्यास केला. रेझोनेटरचा डबाही अशाच एका ठरावीक सुराला पकडतो आणि तेवढाच सूर गिळून टाकतो. गाडी ठरावीक वेगावर आली की कानात जी कंटाळवाणी घूं घूं भरते, ती हा डबा थांबवतो, तेही वायूच्या वाटेत आडवे न येता.

आता मित्राचा सल्ला तपासून पाहू. सायलेन्सरमुळे वायूला थोडा विरोध होतो, हे खरे. पण तो विरोध जाणवतो तो इंजिन पूर्ण ताकदीने पळत असताना. आश्रम चौकात किंवा नोएडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीतून वायूच इतका कमी बाहेर पडतो की मूळ सायलेन्सरचा अडथळा नगण्य असतो. तेव्हा तो काढून टाकल्याने शहरातले ॲव्हरेज वाढेल, ही आशा फोल आहे. आणि ज्याला मोठ्या आवाजाची गाडी चालवताना चेव येतो, त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर जास्त पडतो, ते पेट्रोल वेगळेच!

दिल्लीत सायलेन्सर लवकर का सडतो?

सायलेन्सर बाहेरच्या पावसाने गंजतो असे आपल्याला वाटते. खरे तर त्याला अधिक पोखरते ते आतले पाणी. पेट्रोल जळताना त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते! गाडी तापलेली असेल तर ते वाफ होऊन उडून जाते. पण हिवाळ्यात घरापासून मुलांच्या शाळेपर्यंत, तेथून मेट्रो स्टेशनपर्यंत अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्याच होत असतील, तर सायलेन्सर पुरता तापतच नाही. वाफेचे थेंब होऊन आतच साठतात, त्यात ज्वलनातून आलेली आम्लद्रव्ये मिसळतात आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून ठीक दिसणारा सायलेन्सर एके दिवशी अचानक फुटतो तो यामुळे.

दिल्ली परिसरात सीएनजीवर चालणाऱ्या मोटारी भरपूर आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी राजधानीतल्या बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला, आणि पुढे टॅक्सी, रिक्षा, घरगुती मोटारी असे हे इंधन सर्वत्र पसरले. सीएनजीचा धूर स्वच्छ असतो, पण त्यात हायड्रोजनचे प्रमाण जास्त असल्याने पाणीही जास्त होते. एक किलो मिथेन जळला की सव्वादोन किलो पाणी तयार होते. म्हणून सीएनजीच्या गाडीचा सायलेन्सर दरवर्षी एकदा तरी खालून पाहून घेतलेला बरा.

त्यात पावसाळ्याची भर पडते. मिंटो ब्रिजखाली तुंबणारे पाणी दिल्लीकरांच्या परिचयाचे आहे. लाल तापलेला पाइप अशा पाण्यात बुडाला की धातूला एकदम धक्का बसतो आणि जोड उलतात.

एक बारकावा मात्र जाणून घ्यावा. पुष्कळ सायलेन्सरना खालच्या अंगाला टाचणीच्या डोक्याएवढे एक भोक मुद्दाम ठेवलेले असते, साठलेले पाणी ठिबकून जावे म्हणून. त्यातून थेंब पडताना पाहून काहीजण घाबरतात आणि ते भोक वेल्डिंगने बंद करून घेतात. मग पाणी आतच राहते आणि नवा सायलेन्सरही लवकर सडतो. थंडीच्या सकाळी मागच्या नळीतून पाण्याचे थेंब आणि पांढरी वाफ येणे हेसुद्धा अगदी स्वाभाविक आहे.

गळतीतून पेट्रोल कसे जाते?

आवाजाचे ठीक आहे, पण धूर बाहेर टाकणाऱ्या नळीला भोक पडले तर पेट्रोल जास्त का लागावे? याचे उत्तर ऑक्सिजन सेन्सर नावाच्या छोट्याशा भागात आहे.

आजच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचे हे एक संगणक ठरवतो. मॅनिफोल्डजवळ बसवलेला हा सेन्सर बाहेर जाणाऱ्या वायूत किती ऑक्सिजन उरला आहे ते त्याला सतत कळवत असतो. ऑक्सिजन जास्त दिसला की संगणक समजतो, पेट्रोल कमी पडते आहे. तो लगेच पेट्रोल वाढवतो.

आता सेन्सरच्या आधीच्या जोडाला चीर पडली आहे असे समजा. वायू नळीतून सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने जातो. एका ठोक्यात तो चिरेतून बाहेर फुसफुसतो, आणि दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी नळीतला दाब कमी होऊन बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो. बिचारा संगणक फसतो आणि गरज नसताना पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज घसरते, आणि जास्तीचे न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्यालाही तापवून निकामी करू शकते.

भोक अगदी मागच्या डब्याला असेल, तर ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. त्रास होतो तो कानांना आणि शेजाऱ्यांना. म्हणून भोक कुठे आहे याला महत्त्व आहे.

आवाजापेक्षा घातक

फुटक्या सायलेन्सरचा सगळ्यात मोठा धोका मात्र कानांना ऐकू येत नाही. इंजिनमधून निघणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते. झोप येत असावी असे वाटून माणूस डोळे मिटतो.

धूर मागच्या नळीतून निघून गेला तर वाऱ्यावर पांगतो. गाडीच्या पोटाखालीच गळू लागला, तर जमिनीच्या पत्र्यातल्या फटींतून, डिकीच्या झिजलेल्या रबरातून तो आत येऊ शकतो. कडाक्याच्या थंडीत काचा बंद, हीटर चालू, गाडी सिग्नलला किंवा धुक्यामुळे यमुना एक्स्प्रेस-वेवर थांबलेली, आणि मागच्या सीटवर मुले झोपलेली! अशा वेळी 'थोडा आवाज येतो, पुढच्या महिन्यात पाहू' हा विचार महागात पडू शकतो. गाडीत बसल्यावर डोके दुखते आणि उतरल्यावर बरे वाटते असे घरातले कोणी म्हणत असेल, तर आधी काचा उघडा आणि त्याच दिवशी गाडी तपासून घ्या. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसणे तर कोणत्याही गाडीत जिवावर बेतू शकते.

दुखणे ओळखायचे कसे?

डॉक्टर जसा खोकल्यावरून अंदाज बांधतो, तसा आवाजावरून गाडीच्या दुखण्याचा अंदाज बांधता येतो.

थंड इंजिन सुरू करताना पुढून टिक्-टिक् किंवा फुस्-फुस् असा आवाज येतो आणि गाडी तापल्यावर तो कमी होतो? मग मॅनिफोल्डचे गॅस्केट किंवा तिथला जोड संशयित समजावा. तापल्यावर धातू प्रसरण पावतो आणि फट मिटते, म्हणून आवाज थांबतो. हीच गळती पेट्रोल पिणारी असते.

मागून जाड, फुटक्या ढोलासारखा आवाज येतो? मागचा सायलेन्सर किंवा त्याच्या तोंडाशी असलेला जोड सडला असावा.

पत्रा थरथरल्यासारखी खडखड ऐकू येते? उष्णतेपासून बचाव करणाऱ्या पत्र्याचा स्क्रू सैल झाला असेल. कित्येकदा नुसता क्लॅम्प आवळला तरी काम भागते. गाडीत बसल्यावर सीटखालून घुमल्यासारखे वाटते? सायलेन्सर ज्या रबरांवर टांगलेला असतो त्यातले एखादे तुटून पाइप बॉडीला टेकत असेल. नवे रबर हे या दुखण्यावरचे सगळ्यात स्वस्त औषध.

घरी एक सोपी परीक्षा करता येते. गाडी मोकळ्या जागेत, सपाट जमिनीवर, हँडब्रेक लावून उभी करा. इंजिन थंड असतानाच सुरू करा. एकाने जाड हातमोजा घालून, अनेक पदरी घडी केलेल्या जाड कापडाने मागच्या नळीचे तोंड दोन-तीन सेकंद झाकायचे, दुसऱ्याने गाडीच्या बाजूला उभे राहून कान द्यायचा. तोंड बंद झाले की वायू दुसरी वाट शोधतो आणि गळतीच्या जागी फुसफुस स्पष्ट ऐकू येते. जोडांभोवती काजळीचा काळा डाग दिसला तर तोही गळतीचा पुरावा असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कदापि शिरू नये. ते काम गॅरेजमधल्या रॅम्पवरच व्हावे.

दुरुस्ती करताना

लहान भोक असेल तर वेल्डिंगने काम भागते. गॅस्केट गेले असेल तर नवे बसवावे लागते. मेकॅनिककडे गाडी दिली की चार गोष्टींचा आग्रह धरावा.

पहिली गोष्ट, वेल्डिंगसाठी सायलेन्सर किंवा पाइप गाडीतून उतरवून घ्यावा. पेट्रोलची टाकी आणि सीएनजीचा सिलिंडर जवळ असताना गाडीखालीच ठिणग्या उडवणे म्हणजे आगीशी खेळ. काही कारणाने गाडीवरच वेल्डिंग करावे लागले, तर निदान बॅटरीच्या तारा आधी सोडवाव्यात, नाहीतर गाडीचा संगणक जळण्याची भीती असते.

दुसरी, नवा पाइप जुन्याच व्यासाचा हवा आणि त्याची वळणे गोल हवीत. हातोडीने चेपून वाकवलेला पाइप वळणावर चपटा होतो, आणि तेथे वायू खरोखरच अडतो.

तिसरी, डबा बदलायचा असेल तर लांबी-रुंदीने मूळच्याहून लहान घेऊ नये. डबा जितका मोठा तितका तो वायूला न अडवता आवाज विरवू शकतो. कश्मिरी गेटच्या बाजारात एकाच गाडीसाठी अनेक प्रतींचे सायलेन्सर मिळतात. पातळ साध्या पत्र्याचा डबा स्वस्त पडतो, पण लवकर गंजतो. गाडी आणखी चार-पाच वर्षे ठेवायची असेल, तर कंपनीच्या मापाचा, गंजरोधक पोलादाचा डबा शेवटी परवडतो.

चौथी, सायलेन्सर चांगला असूनही एखाद्या ठरावीक वेगाला घूं घूं होत असेल, तर तुटलेला किंवा मध्येच कोणीतरी काढून टाकलेला रेझोनेटर परत बसवावा. सरळ नळीच्या रेझोनेटरने ॲव्हरेज बिघडत नाही.

आणि मेकॅनिकच्या जाळीचे काय? नळीत तारेची जाळी, भांडी घासायची घासणी किंवा पत्र्याचे बूच ठासले की आवाज कमी होतो खरा, पण तो वायूचा गळा आवळून. जळलेला वायू पुरता बाहेर पडत नाही, त्यामुळे ताज्या हवेला सिलिंडरमध्ये जागा उरत नाही. गाडी जड ओढते, चालक ॲक्सिलरेटर जास्त दाबतो, पेट्रोल वाढते. काही दिवसांत जाळी जळून तुकडे पडतात आणि आवाज पुन्हा पहिल्यासारखा येतो. पैसेही गेले आणि पेट्रोलही! कानाकोपऱ्यात मिळणारी लेपाची पट्टी आणि क्लॅम्प यांचा उपयोग प्रवासात अडल्यावर घर गाठण्यापुरता समजावा.

एका रात्रीत आवाज वाढला तर...

काल रात्रीपर्यंत शांत असलेली गाडी आज सकाळी सिंहासारखी गरजली, तर वाकून खाली पाहा. कदाचित सायलेन्सरच जागेवर नसेल! २०२१-२२ च्या सुमाराला गुजरात, महाराष्ट्र आणि दिल्ली परिसरात मारुती इको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडल्या. चोरांना डब्याशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना हवी होती ती त्याला जोडलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधली माती. या मातीत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू अत्यल्प प्रमाणात असतात. इकोची उंची अशी की जॅक न लावताही खाली हात पोहोचतो.

काही वेळा तर आतला भाग काढून घेऊन रिकामा डबा परत बसवलेला आढळला. अशी गाडी चालते, पण आवाज बदलतो आणि प्रदूषण तपासणीत ती नापास होऊ शकते. म्हणून वापरलेला कन्व्हर्टर फार स्वस्तात मिळत असेल, तर तो कुठून आला आणि आत काही उरले आहे का, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. गाडी शक्यतो उजेडात आणि भिंतीलगत उभी करावी. चोरी झालीच तर आधी पोलिसांत तक्रार, मग विमा कंपनीला कळवणे आणि त्यानंतर दुरुस्ती, हा क्रम पाळावा.

हौसेला मोल असते

काही घरांत प्रश्न उलटा असतो. गाडी शांत असते, पण महाविद्यालयात जाणाऱ्या चिरंजीवांना ती गर्जायला हवी असते. करोल बागेच्या गल्लीतून बुलेटसाठी 'पटाखा' सायलेन्सर येतो, मोटारीच्या मागे जाड चकचकीत पुंगळी लागते आणि वडिलांना कळते ते थेट चलन घरी आल्यावर!

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. दिल्ली, नोएडा आणि गुरुग्राम ही तीन वेगवेगळ्या राज्यांची हद्द असली, तरी हा नियम केंद्राचा असल्याने तिन्हीकडे सारखाच लागू आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने आवाजाचे आणि प्रदूषणाचे निकष मोडणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र, अशी तरतूद केली. महाराष्ट्रातही पोलिसांनी कर्णकर्कश सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली चिरडल्याची दृश्ये लोकांनी पाहिली आहेत.

नवी गाडी बाजारात येण्याआधी तिच्या आवाजाची परीक्षा होते. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय ही संस्था आणि हरियाणात मानेसरची आयकॅट अशा ठिकाणी या चाचण्या केल्या जातात. गाडी वेग वाढवत जाते आणि तिच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर ठेवलेला मायक्रोफोन आवाज मोजतो. मोटारींसाठी २००५ पासून ही मर्यादा ७४ डेसिबल ठरली. आता २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली निवासी भागाची मर्यादा पाहा : दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. आवाज १० डेसिबलने वाढला की त्याची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणजे धडधाकट सायलेन्सरची गाडीसुद्धा जोराने हाणली तर झोपलेल्या कॉलनीला जाचकच. मग फुटक्या किंवा 'मोकळ्या' सायलेन्सरबद्दल काय बोलावे?

सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी ध्वनिप्रदूषणाच्या खटल्यात शांतपणे जगण्याचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. वरच्या मजल्यावरचे तान्हे मूल आणि शेजारचे आजोबा या दोघांचा हा हक्क आहे.

हिशेब आपल्या हाती

दुरुस्तीने ॲव्हरेज बिघडले की सुधारले, हे मेकॅनिकच्या बोलण्यावरून किंवा मनाच्या समजुतीवरून ठरवू नये. टाकी पूर्ण भरून किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा. नेहमीसारखी गाडी वापरून पुन्हा त्याच पंपावर टाकी पूर्ण भरावी. मधल्या काळात गाडी ४२० किलोमीटर चालली आणि २८ लिटर पेट्रोल बसले, तर ॲव्हरेज १५ चे झाले. दुरुस्तीआधी दोन टाक्या आणि नंतर दोन टाक्या असा हिशेब ठेवला की खरे चित्र कळते. टायरमधली हवा मात्र दोन्ही वेळा सारखी असावी, कारण कमी हवेची चाकेही पेट्रोल खातात आणि दोष मात्र नव्या सायलेन्सरवर येतो. घरातल्या हिशेबाच्या वहीत हे दोन रकाने आखायला किती वेळ लागणार?

सायलेन्सर गाडीच्या पोटाखाली असतो. तो धुतला जात नाही, पुसला जात नाही, पाहुण्यांना दाखवला जात नाही. म्हणून तो ओरडेपर्यंत त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. दिवाळीच्या आधी घर झाडतो, तशी वर्षातून एकदा, थंडी सुरू होण्यापूर्वी, गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहून घ्यावी. जोड, रबरे, गॅस्केट आणि ते पाण्याचे छोटे भोक, एवढे तपासायला अर्धा तासही लागत नाही.

मग डिसेंबरच्या पहाटे गाडी सुरू होईल, पण वरच्या मजल्यावर पाळण्याची दोरी पुन्हा ओढावी लागणार नाही. मागच्या सीटवर मुले पेंगतील ती केवळ झोपेने, विषारी धुराने नव्हे. आणि महिनाअखेरीस पेट्रोलच्या रकान्यातला आकडाही आटोक्यात राहील.